कोल्हापूरचं तिकीट आणि त्याचे जोड

कोल्हापुरातनं परदेशात जायचं म्हणजे एका विमानाचं काम नाही, हे आधी मान्य करून टाकू. उजळाईवाडीच्या विमानतळावरनं थेट लंडन नाही, सिंगापूर नाही, अमेरिका तर सोडाच. म्हणजे आपल्या तिकिटाला कायम जोड असणार, मधे उतरून दुसरं विमान धरायचं, जाताना एक तरी, बऱ्याचदा दोन, आणि परतीचे धरले तर चार. लोक भाव बघतात, जेवण व्हेज मिळतंय का बघतात, किती किलो नेता येतंय ते बघतात, पण जोड कसा मारलाय ते कुणी बघत नाही, आणि पाइप असो की तिकीट, गळायचं ते जोडावरच गळतं.

परवा गंगावेशीतल्या मावशीचा फोन आला. पोरानं न्यू जर्सीतनं तिकीट काढून पाठवलंय, बघ रे जरा नीट आहे का. बघितलं तर दोन पीडीएफ. एकात कोल्हापूर ते मुंबई, दुसऱ्यात मुंबई ते न्यूयॉर्क, गल्फमधे विमान बदलून. मुंबईत मधे वेळ २ तास ४० मिनिटं. मी म्हणलं मावशी हे अवघड आहे, तर म्हणते कशी, "अरे अडीच तास लई झाले की, गंगावेशीतनं कावळा नाक्याला जायला वीस मिनिटं लागत्यात." आता तिला फोनवर जे समजावलं तेच इथं जरा नीट लिहितोय, कारण दर मे महिन्यात कुणाची ना कुणाची आई, सासू, काका असेच दोन पीडीएफ घेऊन येतात.

पहिली गोष्ट, ही दोन तिकिटं आहेत की एक, हे ओळखायचं कसं. सगळे पीएनआर बघतात, तो सहा अक्षरांचा कोड. पण पीएनआरवर जाऊ नका. एकाच तिकिटाला दोन कंपन्यांचे दोन वेगळे पीएनआर असू शकतात, आणि उलट काही वेबसाइटी दोन वेगळी तिकिटं एकाच पानावर अशी सुंदर छापून देतात की वाटतं एकच प्रवास आहे, खाली कुठंतरी बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलेलं असतं, म्हणजे मधलं तुमचं तुम्ही बघा. खरं बघायचं ते ई-तिकीट नंबर. तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, ०९८ एअर इंडियाचे, १७६ एमिरेट्सचे, १५७ कतारचे, २२० लुफ्तान्साचे. सगळ्या विमानांपुढं हाच एक नंबर असेल तर तिकीट एक. आता यात एक गंमत आहे, एका तिकिटात चारच विमानं मावतात (कागदी तिकिटांच्या काळात एका तिकिटाला चारच कूपन असायची, ते अजून तसंच चालू आहे), म्हणून कोल्हापूर-मुंबई-गल्फ-न्यूयॉर्क आणि तसंच परत अशी सहा विमानं झाली की पाठोपाठचे दोन नंबर येतात, शेवटी ४१ आणि ४२ असं कायतरी. ते एकच तिकीट धरायचं, घाबरायचं नाही.

एक तिकीट असण्यानं फरक काय पडतो? सगळाच पडतो. पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी, तुमचा खिसा नाही. बॅग कोल्हापुरात दिली की टॅग शेवटच्या गावाचा लागू शकतो. आणि वजन, हे तर आपल्या लोकांना सगळ्यात जवळचं. अमेरिकेच्या तिकिटावर साधारण २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, काही स्वस्त भाड्यात एकच, आणि तिकीट एक असेल तर बहुतेक वेळा तेच वजन कोल्हापूर-मुंबईच्या छोट्या विमानालाही लागू होतं. वेगळं तिकीट असेल तर देशातल्या विमानाचे १५ किलो, बास. म्हणजे मावशीच्या ४६ किलोतले ३१ किलो कोल्हापूरच्या काउंटरवरच जादा ठरणार आणि किलोच्या भावानं पैसे मोजायचे. त्या पैशात कांदा-लसूण मसाला कुरिअरनं गेला असता.

(मसाल्यावरनं आठवलं. काकवी हँडबॅगेत न्यायची नाही, ती पातळ पदार्थात धरतात आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाला १०० मिलीच्या वरची बाटली सिक्युरिटीला काढून ठेवतात. आणि सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत नाही, तेलामुळं ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. प्रसादाची वाटी असली तरी.)

आता मावशीच्या २ तास ४० मिनिटांचा हिशोब मांडू. आंतरराष्ट्रीय विमानाचं बॅग घ्यायचं काउंटर साधारण १ तास आधी बंद होतं, म्हणजे राहिला १ तास ४० मिनिटं. विमान मुंबईत उतरून थांबून, बसमधनं टर्मिनलला येऊन, पट्ट्यावर बॅग यायला अर्धा-पाऊण तास सहज. राहिलं तासभर. आणि हे सगळं विमान वेळेवर आलं तर. त्यात मुंबईला टर्मिनल दोन, आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरनं, आणि देशातलं विमान टर्मिनल १ ला उतरवलं तर सांताक्रूझकडनं सहारकडं रस्त्यानं जायचं, मुंबईच्या ट्रॅफिकमधनं, ४६ किलो घेऊन. त्यात आता नवी मुंबईचं विमानतळ पण आलंय (८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं), तेव्हा तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून भागणार नाही, उतरायचं एकीकडं आणि चढायचं दुसरीकडं असं निघालं तर अडीच तास काय, चार पण पुरायचे नाहीत.

माझंच सांगतो. एका जुलैत असाच शहाणपणा केला होता, दोन वेगळी तिकिटं, मधे साडेतीन तास, म्हणलं भरपूर आहेत. कोल्हापुरात धुवांधार पाऊस, येणारं विमानच आलं नाही वेळेत, आम्ही उजळाईवाडीला खिडकीतनं ढग बघत बसलो. मुंबईत पोचलो तोवर काउंटर बंद. तिथली पोरगी अगदी गोड बोलली, म्हणली सर आमचं विमान तर वेळेवर गेलंय, तुम्हीच आला नाहीत, तुमचं तिकीट नो-शो. आणि तिचं बरोबर होतं हे जास्त लागलं. पहिल्या कंपनीच्या लेखी माझा प्रवास मुंबईपर्यंतच होता आणि त्यांनी मला मुंबईला पोचवलं होतं. मधे जे तुटलं त्याचा मालक मी एकटा. नवीन तिकीट काढलं, किती पडलं ते घरात अजून सांगितलेलं नाही.

वेगळीच तिकिटं काढायची वेळ आली, कधीकधी भाव खरंच एवढा कमी असतो की काढावीच वाटतात, तर मग विमानाच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी निघा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबई, दिवसभर कुणा पाहुण्याकडं टेकायचं आणि रात्रीचं विमान. पावसाळ्यात मात्र दोन दिवस हाताशी ठेवा, २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, तेव्हा पुण्याला पोचायचे पण वांदे होते.

एकाच तिकिटावर जोड असला की कंपनी किमान वेळेचा नियम पाळूनच तिकीट विकते. प्रत्येक विमानतळाची एक ठरलेली किमान वेळ असते, त्याच्या आत बसणारं कनेक्शन सिस्टीम दाखवतच नाही. पण ही किमान वेळ धडधाकट, एकट्या, हातात छोटी बॅग असलेल्या माणसाची समजा. व्हीलचेअर घेतलेल्या आईवडलांना उतरवतात सगळ्यात शेवटी, मग चेअर येईपर्यंत थांबायचं, त्यांच्यासाठी तीन तासाच्या खालचा जोड मी तरी घेत नाही. आणि सुटायच्या वेळेला धरून हिशोब करू नका, गेट त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं.

माझं स्पष्ट मत सांगू का, आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद सोपं. का, तर शमशाबादला देशातलं आणि परदेशातलं एकाच छताखाली आहे, टर्मिनल बदलायची भानगडच नाही, आणि तिथनं एमिरेट्स, कतार, ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा सगळे जातात. बेंगळुरूला दोन टर्मिनल आहेत, परदेशाची विमानं टर्मिनल २ ला, तेव्हा आपलं विमान कुठं उतरतंय ते बघून घ्यायचं. पण आपल्याकडं सवय अशी की परदेश म्हणलं की मुंबईच, कारण तिथं मेव्हणा असतो. कोल्हापूरची वेळापत्रकं सीझनप्रमाणं बदलत राहतात, तर काढायच्या दिवशीच बघा कुठलं विमान चालू आहे. आणि इंडिगोचं कतार वगैरेंशी कोडशेअर आहे, म्हणजे एकीच्या तिकिटावर दुसरीच्या विमानात बसता येतं, पण कोल्हापूरचं टोक त्याच तिकिटात येतंय का हे तिकीट काढताना दिसलं पाहिजे, येतच असेल असं धरून चालायचं नाही.

येतानाची गंमत वेगळी. परदेशातनं येताना भारतात पहिल्यांदा जिथं उतराल तिथं इमिग्रेशन, मग पट्ट्यावरनं बॅग स्वतः घ्यायची, कस्टम्समधनं बाहेर काढायची आणि परत पुढच्या विमानाला द्यायची. टॅगवर कोल्हापूरचा केएलएच कोड असला तरी बहुतेक ठिकाणी हेच. आमच्या ओळखीचे एक काका टॅग बघून निर्धास्त झाले, बॅग आपोआप येईल म्हणून सरळ कोल्हापूरच्या विमानात बसले, बॅग मुंबईत पट्ट्यावर फिरत राहिली. अमेरिकेत जाताना पण तसंच, पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन परत द्यावी लागते. अबू धाबीमार्गे गेलात तर मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं आणि अमेरिकेत तुम्ही देशातल्या प्रवाशासारखे उतरता, वयस्कर माणसांना हे खरंच बरं पडतं कारण अमेरिकेतली ती मोठी रांग वाचते.

कोल्हापुरात बॅग देताना एवढंच करा, टॅग लागला की मोठ्यानं विचारा "शेवटपर्यंत ना?" आणि टॅगवरची तीन अक्षरं स्वतः वाचा. बीओएम असेल तर मुंबईपर्यंतच, जेएफके असेल तर न्यूयॉर्क. ती बारकोडची चिठ्ठी फेकायची नाही, बॅग नाही आली तर सगळं त्या चिठ्ठीवर चालतं, आणि विमानतळातनं बाहेर पडायच्या आधी तिथल्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवायची, घरी जाऊन फोन करू म्हणलात की अर्धी केस तिथंच गेली.

आता एक चूक जी आपली माणसं हमखास करतात. एक तिकीट, कोल्हापूर-मुंबई-पुढं. पण मुंबईत लग्न निघालं, तर म्हणतात कोल्हापूरचं विमान सोडून देऊ, व्हॉल्वोनं आधीच मुंबईला जाऊ आणि तिथनं बसू. पैसे तर भरलेत, त्यांचं काय नुकसान? असं नसतं. पहिलं विमान सोडलं की कंपनी तुम्हाला नो-शो धरते आणि त्यापुढची सगळी विमानं, परतीसकट, रद्द होतात. तिकीट माळेसारखं असतं, पहिला मणी ओढला की सगळे सुटतात. जायचंच नसेल तर आधी कंपनीला फोन करून बदलून घ्यायचं, पैसे लागले तरी. शेवटचं विमान सोडलं तर काही बिघडत नाही, मुंबईत उतरून गाडीनं आलात तरी चालतं, कारण येताना बॅग तशीही मुंबईत हातात येते.

ट्रान्झिट व्हिसाचं थोडक्यात, कारण देशादेशाचे नियम वेगळे आणि बदलत असतात. दोन वेगळ्या तिकिटांवर मधल्या देशात बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, बाहेर यायचं म्हणजे त्या देशात शिरायचं, शिरायचं म्हणजे व्हिसा. युरोपात दोन शेंगेन विमानतळ (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) लागोपाठ असतील तर पहिल्यातच इमिग्रेशन होतं, तिथं पण व्हिसा लागतो. तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

नुकसानभरपाईचं पण लोकांना माहीत नसतं. आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमानं विमान ६ तासांपेक्षा जास्त लेट असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्ही निवडायचं. जागा जास्त विकल्यामुळं चढूच दिलं नाही आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही तर भरपाई मिळते, २४ तासांच्या आत बसवलं तर १०,००० रुपयांपर्यंत, त्याच्या पुढं २०,००० पर्यंत. पाऊस, धुकं असल्या कारणांना भरपाई नाही. युरोपातनं सुटणारं विमान असेल तर नियम कडक आहेत, ३ तासांच्या वर उशिरा पोचलात आणि चूक कंपनीची असेल तर अंतराप्रमाणं २५० ते ६०० युरो. आणि तिथं पण तोच मुद्दा, उशीर मोजतात तो शेवटच्या गावाला पोचायचा, पण सगळं एकाच बुकिंगवर असेल तरच.

सीटकडं येऊ. इथं आपल्या कोल्हापूरचा फायदा आहे, छोट्या विमानात मधली सीटच नसते. इंडिगोचं एटीआर ७२, पंख्याचं, ७८ सीटा, दोन-दोन. या विमानाची एक खुबी बऱ्याच जणांना माहीत नाही, चढायचं-उतरायचं दार मागं असतं, पुढं सामानाची जागा. म्हणजे पुढची सीट पैसे भरून घेतलेला माणूस सगळ्यात शेवटी उतरतो. पुढं घाईचं कनेक्शन असेल तर मागची सीट घ्या. पंखे पुढच्या बाजूला असतात, त्यामुळं मागं आवाजही कमी. पंख वरच्या बाजूला असल्यामुळं खालचं सगळं दिसतं. याच्या बरोबर उलटं स्टार एअरचं एम्ब्रेअर १४५, ५० सीटांचं, त्याचं इंजिन मागं, दार पुढं, तेव्हा पुढं बसायचं. त्यात डाव्या बाजूला एकेकच सीट असते, ए नंबरची, खिडकी पण तुमचीच आणि वाट पण तुमचीच, ती फुकट मिळत असेल तर सोडायची नाही. त्यांचं मोठं एम्ब्रेअर १७५ दोन-दोनचं, पुढं १२ बिझनेसच्या सीटा. कोल्हापूरहून मुंबईला जाताना डावीकडं बसा, उत्तरेला जाताना डावा हात पश्चिमेला, सकाळी ऊन तोंडावर येत नाही आणि ढग नसतील तर सह्याद्रीची बाजू.

मोठ्या विमानाला डोकं लावायला लागतं. बोइंग ७७७ मधे बऱ्याच कंपन्या ३-४-३ बसवतात, ७८७ मधे ३-३-३, एअरबस ए३३० मधे २-४-२. नवराबायको दोघंच असतील तर २-४-२ मधली कडेची जोडी म्हणजे सोन्याहून पिवळं, तिसरा माणूस नाही, रात्री कुणाला उठवायला नको. १५ तासाच्या प्रवासात साठीच्या वरच्या माणसाला खिडकी देऊ नका, हौस पहिल्या अर्ध्या तासात भागते आणि नंतर बाथरूमला जायला दोघांना उठवायला संकोच वाटतो म्हणून पाणीच पीत नाहीत. वाटेवरची सीट द्या. बाथरूमच्या जवळ पण अगदी खेटून नको, तिथं रात्रभर रांग उभी असते आणि दाराचा आवाज. विमान हललं की भीती वाटत असेल तर पंखाजवळ बसवा, तिथं कमी हलतं, शेपटीला जास्त. आणि सीटच्या अक्षरांत आय का नाही म्हणून मावशीनं विचारलंच, तो एक आकड्यासारखा दिसतो म्हणून गाळतात, चुकलेलं नाही.

एक्झिट रोला, म्हणजे संकटकाळच्या दाराजवळच्या रांगेत, पाय लांब होतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण तिथं लहान मुलं, गरोदर बाई, व्हीलचेअर मागितलेला माणूस बसू शकत नाही, पैसे भरून घेतली तरी उठवतात. आणि दोन एक्झिट रो लागोपाठ असतील तर पुढच्या रांगेची पाठ मागं होत नाही. सगळ्यात पुढची भिंतीसमोरची रांग पण पायाला बरी, पण ट्रे हाताच्या दांड्यात असतो म्हणून दांडा वर होत नाही, आणि बाळाचा पाळणा त्याच भिंतीला लागतो. तुमचं बाळ असेल तर ती रांग आधीच मागून ठेवा, दुसऱ्याचं असेल तर काय होतं ते सांगत नाही. एअरोलोपा नावाच्या साइटवर विमानांचे नीट मापात काढलेले नकाशे आहेत, खिडकीची सीट घेतली आणि समोर नुसती भिंत असा प्रकार कुठं होतो ते तिथं दिसतं.

पैसे भरावेत का? देशातल्या तासाभराच्या विमानाला मी एक रुपया भरत नाही, वेब चेक-इन उघडलं की उरलेल्या फुकटच्यातनं घेतो. लांबच्या विमानाला मात्र भरतो. लहान मुलांसाठी घाबरून भरू नका, एप्रिल २०२४ मधे डीजीसीएनं कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा बाबाशेजारी जागा द्यायची. दुसरी गोष्ट, तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, म्हणजे कोडशेअर असेल तर सीट विमान चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवर निवडायला लागते आणि त्यांचा पीएनआर वेगळा असतो, तो आधीच्या कंपनीकडनं मागून घ्यायचा. चेक-इनचं काउंटर पण विमान चालवणाऱ्याचं. आणि सीट घेतली म्हणून विसरायचं नाही, मधेच विमानाचा प्रकार बदलला की नकाशा बदलतो आणि तुमची पैसे भरलेली १२ सी कुठल्या कुठं जाते. महिन्यातनं एकदा उघडून बघा. बदललेली दिसली तर फोन करून तशीच दुसरी किंवा पैसे परत मागा.

राहिलं ते सोनेरी कार्डांचं प्रकरण. विमानात चढताना "गोल्ड मेंबर आधी" म्हणून जे चारपाच जण पुढं जातात ते बघून आपल्याला वाटतं हे कोण जहागीरदार. तर हे म्हणजे किराणा दुकानातल्या पॉइंटांचं मोठं रूप. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं आडव्हांटेज नावाची योजना काढली आणि मग सगळ्यांनीच काढल्या. आपल्याकडं एअर इंडियाची महाराजा क्लब (आधीचं फ्लाइंग रिटर्न्स), इंडिगोची ब्लूचिप, गल्फमधे एमिरेट्सची स्कायवर्ड्स, कतारची प्रिव्हिलेज क्लब.

यात दोन वेगळी खाती असतात आणि गोंधळ इथंच होतो. एक खर्चायचे पॉइंट, ते देऊन तिकीट काढता येतं, पण टॅक्स आणि इतर चार्ज भरावेच लागतात, अगदी फुकट असं काही नसतं. दुसरे टियरचे पॉइंट, ते खर्चता येत नाहीत, वर्षभरात किती उडालात किंवा किती खर्च केलात ते मोजून तुम्हाला सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असं बसवतात, आणि पुढच्या वर्षी तेवढं नाही जमलं की खाली उतरवतात. म्हणजे खर्चायचे पॉइंट पगार आणि टियर म्हणजे हुद्दा. क्रेडिट कार्डावरनं पॉइंट भरपूर मिळतात, हुद्दा सहसा मिळत नाही. आणि कार्ड दाखवून, दोन रुपये स्वाइप करून लाउंजमधे इडली खातो ते बँकेचं, विमान कंपनीच्या हुद्द्याचा त्याच्याशी संबंध नाही.

हुद्द्याची खरी किंमत कळते ती युतीमुळं. स्टार अलायन्स १९९७ मधे पाच कंपन्यांनी चालू केली, एअर इंडिया त्यात २०१४ ला गेली. आता एअर इंडियाचा गोल्ड झालात तर स्टार अलायन्सचे पण गोल्ड होता, म्हणजे इकॉनॉमीचं साधं तिकीट असलं तरी लुफ्तान्साच्या, सिंगापूर एअरलाइन्सच्या प्रवासात लाउंज, वेगळी रांग, आणि २० किलो जादा किंवा जिथं नगावर मोजतात तिथं एक बॅग जादा. सिल्व्हरला मात्र युतीत फार काही नाही, वेटिंगमधे नंबर जरा वर, बास. इंडिगो, एमिरेट्स कुठल्याच युतीत नाहीत, त्यांचं त्यांच्यापुरतं.

मग आपण यामागं लागायचं का? वर्षातनं एकदा पोराकडं जाणाऱ्यानं अजिबात नाही. हुद्द्यासाठी पाच हजार जास्त देऊन तिकीट काढणारी माणसं मी बघितलीत, डिसेंबरात उगीच दिल्लीला जाऊन चहा पिऊन येतात. ज्याला कंपनी दर महिन्याला पाठवते, म्हणजे आपल्याकडचे फाउंड्रीवाले, टेक्स्टाइलवाले, सॉफ्टवेअरची पोरं, त्यांनी मात्र एकच योजना धरून सगळं तिथंच ओतावं, तीन ठिकाणी थोडं थोडं टाकलं की कुठंच काही होत नाही. एका प्रवासाचे पॉइंट एकाच योजनेत जातात, आणि लुफ्तान्सानं जाऊन पॉइंट एअर इंडियात टाकता येतात, हे लक्षात ठेवा. किती मिळणार ते भाड्याच्या वर्गावर, तिकिटावर एक एकटं इंग्रजी अक्षर असतं तेच ते, सगळ्यात स्वस्त अक्षराला कधी अगदीच चिल्लर मिळते.

खातं मात्र प्रत्येकानं काढावं, फुकट असतं, तिकीट काढायच्या आधी काढावं आणि नंबर बुकिंगमधे टाकावा. आणि नाव पासपोर्टप्रमाणंच. आपल्याकडं हे फार होतं, पासपोर्टात वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, खात्यात नुसतं नाव-आडनाव, आणि मग पॉइंट जमाच होत नाहीत. नाही जमले तर नंतर मागता येतात, त्यासाठी प्रवास झाल्यावर बोर्डिंग पास फेकू नका, फोटो काढून ठेवा.

मावशीचं काय झालं, तर पोराला फोन लावला, तो आधी चिडला, मग तेरा आकडी नंबर बघून गप्प झाला. दोन्ही रद्द करून हैदराबादवरनं एकच तिकीट काढलं, मधे चार तास, थोडे पैसे गेले. खातं पण काढलं, पासपोर्टातल्या नावानं. आता गल्लीत सांगत फिरते की मी मेंबर आहे, आणि कुणीतरी तिला ते डाव्या बाजूच्या एकट्या सीटचं सांगितलंय तर ती पाहिजे म्हणून हटून बसलीय. एटीआरमधे तशी सीटच नसते हे तिला अजून सांगायचंय.